ताण देता आला पाहिजे : ‘विकासकर्ते शासन’ ही कल्पना आणि तिच्यापुढच्या अडचणी

दर जानेवारीत दावोसहून सामंजस्य करारांचे आकडे येऊ लागले की नागपुरात एक प्रश्न ठरलेला असतो : विदर्भाच्या वाट्याला काय आले? सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा टाटा-एअरबस प्रकल्प नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात येणार अशी चर्चा २०२२ मध्ये रंगली होती. तो वडोदऱ्याला गेला आणि आपल्याकडे कितीतरी दिवस त्याचीच चर्चा होती. कोणी सरकारला दोष दिला, कोणी म्हणाले की कारखाना कुठे काढायचा हे कंपनीने ठरवावे, सरकारने त्यात पडूच नये.

या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. सरकारने उद्योगांना हाताला धरून पुढे न्यावे का, आणि न्यायचे असेल तर ते कशाच्या बळावर? अर्थशास्त्रात या विषयाला ‘डेव्हलपमेंटल स्टेट’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘विकासात्मक राज्य’ असा शब्द भेटतो. पण ‘राज्य’ म्हटले की आपल्याला महाराष्ट्र किंवा गुजरात आठवतो, म्हणून या लेखापुरता मी ‘विकासकर्ते शासन’ हा शब्द वापरतो.

हे शासन वेगळे कशात?

प्रत्येक सरकार रस्ते बांधते, कर घेते आणि कायदा राखते. विकासकर्ते शासन त्यापुढे जाऊन एक काम अंगावर घेते. देशात आज नसलेले उद्योग, म्हणजे पोलाद, जहाजबांधणी, मोटारी, चिप, उभे राहावेत म्हणून ते स्वस्त कर्ज, जमीन आणि करसवलत देते, आयातीपासून संरक्षण देते, आणि त्या बदल्यात उद्योजकांकडून ठरावीक काम करून घेते. कारखान्याची मालकी बहुतेक वेळा खासगीच राहते, दिशा मात्र सरकार ठरवते.

हा शब्द रूढ झाला १९८२ मध्ये, चामर्स जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकाने जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयावर केलेल्या अभ्यासातून. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या मंत्रालयात देशातले सर्वांत हुशार पदवीधर कठीण परीक्षा देऊन शिरत आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच काम करत. कोणत्या उद्योगाला परकीय चलन मिळावे, कोणते तंत्रज्ञान बाहेरून आणावे, अशा प्रश्नांवर त्यांचा शब्द वजनदार होता. पुढे दक्षिण कोरिया आणि तैवानने आपापल्या पद्धतीने हाच मार्ग धरला.

कोरियात नेमके काय घडले?

कोरियाचे उदाहरण थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण या कल्पनेची ताकद आणि तिची काळी बाजू दोन्ही तिथे स्पष्ट दिसतात.

१९५३ मध्ये युद्ध थांबले तेव्हा हा देश उद्ध्वस्त झाला होता आणि अमेरिकेच्या मदतीवर जगत होता. १९६१ मध्ये लष्करी उठाव करून पार्क चुंग-ही सत्तेवर आले. त्यांनी काही बड्या उद्योगपतींना बेकायदा संपत्ती जमवल्याच्या आरोपाखाली अटक केली आणि देशाला हवे ते कारखाने उभारण्याच्या अटीवर सोडून दिले. त्याच वर्षी बँका सरकारच्या ताब्यात आल्या आणि आर्थिक नियोजन मंडळ स्थापन झाले. कर्जाची किल्ली अशी सरकारच्या हाती आली.

त्यानंतरची पद्धत साधी होती आणि कठोरही. जो माल परदेशात विकून दाखवेल त्याला स्वस्त कर्ज मिळायचे. राष्ट्राध्यक्ष स्वतः दर महिन्याला निर्यातीच्या बैठकीला बसत आणि कोणाचे लक्ष्य पुरे झाले, कोणाचे का राहिले, हे उद्योजकांच्या समोरच विचारले जाई. १९६४ मध्ये कोरियाची वर्षाची निर्यात १० कोटी डॉलरवर पोहोचली तेव्हा त्यांनी ‘निर्यात दिन’ साजरा केला. १९७७ मध्ये तीच निर्यात १,००० कोटी डॉलर झाली. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या पोहांग पोलाद कंपनीला कर्ज द्यायला परदेशी वित्तसंस्था तयार नव्हत्या, कारण कोरियाकडे ना लोहखनिज होते ना अनुभव. १९७३ मध्ये तिथे पोलाद निघू लागले आणि पुढे ती जगातल्या मोठ्या पोलाद कंपन्यांपैकी एक झाली.

निर्यातीचीच अट का, हे समजून घ्यायला हवे. देशातल्या ग्राहकाला आपण भिंती उभारून बांधून ठेवू शकतो. त्याच्यापुढे दुसरा मालच नसेल तर तो मिळेल ते घेतो. परदेशातला ग्राहक असा बांधता येत नाही. तो माल घेतो तेव्हा किंमत आणि दर्जा दोन्ही पारखून घेतो. त्यामुळे कोणती कंपनी खरोखर शिकते आहे आणि कोणती नुसती सवलत खाते आहे, हे सरकारला कोणाच्या शिफारशीवाचून कळत होते.

संत्र्याच्या बागेत दिसणारे सूत्र

माझ्या मामांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार घ्यायचा असला की डिसेंबरच्या सुमारास ते बागेचे पाणी बंद करतात. याला ‘ताण देणे’ म्हणतात. झाडाला सतत पाणी आणि खत मिळत राहिले तर ते पालवी फोडत राहते, गर्द हिरवे दिसते आणि फूल मात्र धरत नाही. पाणी तुटले की झाड वाढ थांबवते आणि मग ताण तोडल्यावर फुलावर येते. ताण किती दिवस द्यायचा याचा एकच आकडा नसतो. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. मामा दुपारी बागेत जाऊन पाने चुरगाळून पाहतात आणि सकाळी पुन्हा जातात. दुपारी मलूल झालेले पान रात्रीतून तरतरीत झाले, तर ताण पुरता बसलेला नाही असे ते समजतात. ताण जास्त झाला तर फांद्या वाळून सल होते आणि झाडच हातचे जाते. तोडतानाही पहिले पाणी हलकेच द्यायचे.

विकासकर्त्या शासनाची सगळी अडचण मला या एका कामात दिसते. सवलत देणे म्हणजे पाणी सोडणे आहे आणि ते कोणत्याही सरकारला जमते. सवलत अट घालून देणे, अट पाळली जाते की नाही हे बागेत जाऊन पाहणे, आणि वेळ आली की हात आखडता घेणे, हे फार थोड्या सरकारांना जमले आहे.

मलेशियाने १९८३ मध्ये ‘प्रोटॉन’ ही राष्ट्रीय मोटार कंपनी काढली. आयात मोटारींवर मोठा कर लावून तिला घरचा बाजार मिळवून दिला. ते संरक्षण दशकानुदशके टिकले, कारण ते काढायची वेळ आली की कामगार, पुरवठादार आणि राष्ट्राचा अभिमान आड येत असे. अखेर २०१७ मध्ये कंपनीचा ४९.९ टक्के वाटा चीनच्या जीली कंपनीला विकला गेला. घरचा बाजार मिळाला होता, परदेशी ग्राहकासमोर उभे राहण्याची सक्ती मात्र नव्हती.

मग हे आपले जुने परवाना राज्यच नाही का?

परवाना राज्य म्हणजे कारखाना काढायला किंवा वाढवायला सरकारचा परवाना लागण्याचा काळ. हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो रास्त आहे. आपल्याकडे १९५० मध्ये नियोजन आयोग आला, १९५१ मध्ये उद्योग विकास व नियमन कायदा झाला, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत अवजड उद्योगांवर भर दिला गेला, १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. कागदावर पाहिले तर कोरियापेक्षा कमी हत्यारे आपल्याकडे नव्हती. तरीही स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि ॲम्बेसिडर मोटार दशकानुदशके फारशी बदलली नाही.

फरक अटींच्या स्वरूपात होता. आपल्या परवान्याने उत्पादन किती करायचे याची मर्यादा घातली. उत्पादन चांगले करण्याची, बाहेर विकून दाखवण्याची सक्ती घातली नाही. परवाना मिळाला की स्पर्धक आपोआप अडत असे, त्यामुळे उद्योजकाची सारी हुशारी दिल्लीच्या चकरांत खर्ची पडे. १९४४ मध्ये टाटा, बिर्ला आदी उद्योगपतींनी मांडलेल्या ‘मुंबई योजने’त सरकारी नियोजनाचे स्वागतच होते. पण सरकारने उद्योगांवर प्रत्यक्ष अंकुश ठेवण्याचे विधेयक १९४९ मध्ये मांडले, तेव्हा त्याला उद्योगसंघटनांनी जोरदार विरोध केला आणि १९५१ मध्ये त्याचा कायदा होईपर्यंत ते बरेच सौम्य झाले. संरक्षण हवे होते, शिस्त नको होती, असे या काळाच्या काही अभ्यासकांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते.

विदर्भाला याचा शेतीतलाही अनुभव आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा हेतू उत्तम होता : व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचे आणि त्याला हमीचा भाव द्यायचा. पण सीमेपलीकडे भाव चढला की कापूस शेजारच्या आंध्रातल्या आदिलाबादकडे जाई, तिकडे पडला की योजनेच्या केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागत, आणि तोटा सरकारच्या तिजोरीवर येई. खरेदी सरकारच्या हाती होती. पण प्रत, साठवण, विक्रीची वेळ आणि पुढची सूतगिरणी ही सारी साखळी नीट चालवण्याची ताकद त्या यंत्रणेत नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे, आणि ते विसरले जाते याचे मला वाईट वाटते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, आणि १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरचे पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट ठेवले. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची मुभा मिळाली, सरकारी संस्थांत तयार झालेले रसायनशास्त्रज्ञ खासगी कंपन्यांत गेले, आणि एकाच औषधासाठी अनेक देशी कंपन्यांत चुरस लागली. आज जगभर स्वस्त औषधे पुरवणारा भारत त्यातून घडला. इथे कोणा एकाला मक्तेदारी मिळाली नव्हती, आणि म्हणूनच शिस्त बाजारानेच लावली.

सरकारला धंद्यातले काय कळते?

नेहमीच कळते असे नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या त्या नामांकित मंत्रालयाला वाटत होते की देशात मोटार बनवणाऱ्या कंपन्या फार झाल्या, नव्यांना येऊ देऊ नये. तेव्हा मोटारसायकली बनवणाऱ्या होंडाने तो सल्ला न मानता १९६३ मध्ये मोटारी बाजारात आणल्या. नव्यांना रोखणारा कायदा संसदेत मंजूर झाला नाही, हे जपानचे सुदैव.

म्हणून प्रश्न असा उरतो की सरकारला उद्योगाची खरी माहिती मिळावी कशी, आणि ती मिळवताना ते उद्योगाच्या खिशात कसे जाऊ नये? पीटर इव्हान्स या समाजशास्त्रज्ञाने यासाठी मांडलेल्या कल्पनेला मराठीत ‘रुजलेली स्वायत्तता’ म्हणता येईल. शब्द जड आहे, अर्थ ओळखीचा आहे. गावातला चांगला मास्तर मुलांच्या घरी जातो, चहा घेतो, कोणाच्या घरी काय अडचण आहे हे त्याला ठाऊक असते; तरी परीक्षेत तो एक गुणही फुकट देत नाही. घरी गेलाच नाही तर त्याला मूल कळत नाही, आणि घरच्यांचाच होऊन बसला तर परीक्षा राहत नाही.

असा मास्तर घडायला वेळ लागतो. अधिकाऱ्याला एखादा उद्योग समजायला दोन-तीन वर्षे जातात आणि आपल्याकडे तेवढ्यात त्याची बदली होते. जो टिकतो त्याच्यावर इतके विषय असतात की चौकशीच्या भीतीने निर्णय न घेणे त्याला सुरक्षित वाटू लागते. भ्रष्टाचार ही अडचण आहेच. पण प्रामाणिक आणि हुशार अधिकाऱ्यालाही एकाच विषयात मुरू न देणे हे नुकसान कमी लेखू नये.

लोकशाहीत हे जमते का?

कोरियाची कथा सांगताना एक माणूस वगळला जातो. चॉन ते-इल हा सोलच्या कापड बाजारात काम करणारा २२ वर्षांचा शिंपी होता. कोंदट माळ्यांवर दिवसभर शिलाई करणाऱ्या लहान मुलींसाठी कामगार कायदा पाळा, एवढीच त्याची मागणी होती. ती कोणी ऐकली नाही, तेव्हा १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने स्वतःला जाळून घेतले. निर्यातीच्या त्या आकड्यांत दडपलेले पगार आणि तुरुंगात टाकलेले कामगार नेते आहेत. ‘आपल्याकडेही असाच एखादा कडक माणूस हवा’ असे सहज बोलले जाते, ते मला म्हणूनच मान्य नाही. शिवाय जगात हुकूमशहा पुष्कळ झाले आणि त्यांतल्या बहुतेकांनी देश लुटला. उद्योग उभे करणारे फार थोडे निघाले. हुकूमशाही हे या यशाचे कारण धरता येत नाही.

तरीही लोकशाहीची अडचण खरी आहे. ताण दिल्याचे फळ काही वर्षांनी येते आणि निवडणूक त्याआधी येते. बंद पडणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला मत असते. दहा वर्षांनी उभ्या राहणाऱ्या कारखान्यातला कामगार अजून शाळेत असतो. ज्या उद्योगाला सवलत मिळाली तो संघटित असतो, देणग्या देऊ शकतो, आणि सवलत काढायची वेळ आली की कोर्टातही जातो. हुकूमशहा जे काम धाकाने करतो ते लोकशाहीला उघडेपणाने करावे लागेल, म्हणजे अटी आणि त्यांचा हिशेब लोकांपुढे ठेवावा लागेल. यापलीकडचा मार्ग मला दिसत नाही.

झाड माळ्याहून मोठे झाले तर?

कोरियात हेही घडले. सरकारने वाढवलेले उद्योगसमूह, ज्यांना तिथे ‘चेबॉल’ म्हणतात, इतके मोठे झाले की त्यांना बुडू देणे सरकारला परवडेना, आणि हे त्यांनाही कळून चुकले. १९९७ च्या जानेवारीत हान्बो पोलाद समूह कर्जाखाली कोसळला, मागोमाग किया ही मोटार कंपनी अडचणीत आली, आणि वर्षअखेर देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले. शिस्त लावणाऱ्या शासनाची ताकद त्याच्या यशामुळेच कमी होत जाते, ही या कल्पनेतली सर्वांत अवघड गाठ आहे.

आज जगाचे नियम परवानगी देतात का?

पूर्वीइतकी नाही. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि ‘देशी सुटे भाग वापराल तरच सवलत’ अशा अटींवर बंधने आली. आपल्या राष्ट्रीय सौर मोहिमेतली अशी अट २०१६ मध्ये अमेरिकेच्या तक्रारीवरून बेकायदा ठरली. औषधांचे पेटंटही २००५ मध्ये परत आणावे लागले. मात्र २०२२ मध्ये अमेरिकेनेच चिप उद्योगासाठी मोठा अनुदान कायदा केला आणि चीन तर हे उघडपणे करतोच. नियम सैल होत आहेत, पण खिसा मोठा असलेल्यांसाठी ते आधी सैल होतात. शिवाय आजचा कारखाना यंत्रमानवांवर चालतो. शेतीतून बाहेर पडलेल्या लाखो हातांना कोरियाच्या शिलाईयंत्रांनी दिले तेवढे काम तो देणार नाही.

मग आपल्या मिहानचे आणि विदर्भाचे काय?

केंद्राने २०२० पासून आणलेल्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत १४ क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपये ठेवले. आधी वाढीव विक्री दाखवा, मग पैसे घ्या, ही तिची रचना जुन्या परवान्यांपेक्षा निश्चित चांगली आहे. पण मोबाइलसारख्या क्षेत्रात अट विक्रीवर ठेवली गेली. फोनच्या आतले किती सुटे भाग इथे बनले यावर ती नव्हती, आणि बाहेरून भाग आणून जोडणी केली तरी विक्री वाढतेच.

राज्यांच्या पातळीवर गोष्ट आणखी अवघड होते. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मुंबई-पुण्यापासून दूर जाणाऱ्या उद्योगाला जास्त सवलत, हे तिचे सूत्र. त्यासाठी तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग आहेत आणि गडचिरोलीसारखा जिल्हा ‘विनाउद्योग’ म्हणून सर्वांत वरच्या सवलतीत बसतो. पण शेजारची राज्येही तेच देऊ करतात. कंपनी तिघांचे प्रस्ताव समोर ठेवून बोलते, तेव्हा अट घालणारा आपोआप मागे पडतो. कोरियाच्या उद्योजकाला दुसऱ्या दारी जायची सोय नव्हती. आपल्याकडे ती आहे आणि ती राज्यांनीच एकमेकांविरुद्ध करून ठेवली आहे.

मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. तिथे आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, विमानांचे सुटे भाग बनतात. हे थोडे नाही. पण भूखंड घेऊन वर्षानुवर्षे काम सुरू न करणाऱ्यांच्या बातम्याही आपण वाचत आलो आहोत. शब्द सरकारनेही मोडला आहे. २००५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रांना (मिहानमध्येही असे एक क्षेत्र आहे) करमाफी दिली आणि २०११ मध्ये त्यांच्यावर किमान पर्यायी कर, म्हणजे सवलत असली तरी नफ्यावर भरावाच लागणारा कर, लावला. ताण देणाऱ्याने पाणी कधी सोडणार हेही सांगितलेले असावे लागते, नाहीतर बाग लावायला कोणी येत नाही.

आता सगळ्यांचे लक्ष गडचिरोलीकडे आहे. त्या जिल्ह्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजावर पोलाद उद्योग उभा करायचा बेत आहे आणि सवलतींचे आकडे जाहीर होत आहेत. त्या करारांत मला पुढच्या गोष्टी वाचायच्या आहेत : खनिजाचा किती वाटा जिल्ह्यातच पोलाद होईल, आणि कोणत्या वर्षापर्यंत; सुरजागड ज्या तालुक्यात आहे त्या एटापल्लीचा मुलगा फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून लागेल की भट्टीवर तंत्रज्ञ म्हणून, आणि त्याला शिकवण्याचा खर्च कोणाकडे; पाचव्या वर्षी हे तपासायला कोण येईल, त्याचा अहवाल कुठे वाचायला मिळेल, आणि अट मोडली असेल तर कोणती सवलत कोणत्या तारखेला थांबेल.